पानामागील शत्रु : लाल कोळी आणि त्यावरील उपायांचा इतिहास

इतिहासाची दृष्टि सामान्यतः मोठ्या वस्तूंकडे असते. किल्ला कोणीं बांधला, तो कोणीं जिंकला, तहांत तो कोणाच्या वांट्यास गेला, एवढें सांगून झालें कीं गांवाचा इतिहास संपला, असें आपण मानतों. परंतु ज्या शत्रूशीं गांवांतील घराघराची दर उन्हाळ्यांत गांठ पडते आणि ज्याचा उल्लेख कोणत्याहि बखरींत नाहीं, त्याचाहि एक इतिहास असतो. प्रस्तुत लेखांत अशाच एका शत्रूची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तो टांचणीच्या डोक्याहून लहान आहे. त्याचें नांव लाल कोळी. तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, ओसरीवरच्या किंवा खिडकींतल्या कुंडींतील बहुतेक कोणतेंहि झाड त्याला वर्ज्य नाहीं. त्याला घालवून देण्याकरितां मनुष्यानें जे जे उपाय केले, त्यांच्या इतिहासांतून एक धडा निघतो. जो उपाय शत्रूचा स्वभाव ओळखून केला, तो टिकला. आणि जो केवळ विषाच्या जोरावर केला, त्यानें शत्रूलाच बळ दिलें.

ह्या हकीकतीसाठीं आम्ही धारूर हें गांव डोळ्यांपुढें ठेवीत आहों, आणि त्याला कारण आहे. धारूर हें बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेलें आहे; लोक त्याला 'किल्ले धारूर' म्हणतात. विजापूरच्या आदिलशाहींतील सरदार किश्वरखान ह्यानें इ. स. १५६७ मध्यें येथील किल्ला बांधला. तीन बाजूंस खोल दऱ्या आणि गांवाकडील बाजूस खंदक अशी त्याची रचना आहे. १६३१ मध्यें शहाजहानचा सरदार आजमखान ह्यानें तो निजामशाहीकडून जिंकून घेतला, आणि मोगलांनीं गांवाला 'फतेहाबाद' असें नवें नांव दिलें. पुढें हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखालीं राहिला. १९४८ मध्यें तो त्यांतून मुक्त झाला, १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें ह्यांतील १६३१ हें साल ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १६३० ते १६३२ ह्या भयंकर दुष्काळाच्या काळांतलें तें साल. धारूर घेणाऱ्या त्याच आजमखानाला परंड्याचा वेढा मात्र उठवावा लागला. कारण जनावरांना चारा मिळेना. ज्या भूमीनें मोगलांच्या घोड्यांना उपाशी ठेवलें, ती पर्जन्यछायेंतील, चैत्र-वैशाखांत तापून निघणारी भूमि लाल कोळ्याला मात्र चांगली मानवते. ऊन आणि धूळ हे त्याचे सोबती, आणि ओलावा हा त्याचा वैरी. दुसरें कारण असें कीं, ह्याच डोंगरांत असें एक फळ पिकतें कीं ज्याच्या बीमध्यें कीटकांचा काळ दडलेला आहे. त्याचा विचार पुढें यथाक्रम येईलच.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. लाल कोळ्याला आपण कीड म्हणतों खरें, पण शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. ह्याला पूर्ण वाढ झाल्यावर आठ असतात. कोळी, विंचू आणि गोचीड ह्यांच्या कुळांतला तो आहे. त्याची लांबी सुमारें अर्धा मिलिमीटर. पानाच्या खालच्या बाजूस राहून तो सुईसारख्या मुखावयवांनीं एकेक पेशी टोंचतो व तींतील रस शोषून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशींचे पांढुरके ठिपके वरून दिसूं लागतात, पान निस्तेज होऊन पिवळें पडतें, आणि मग देंठाशीं व पानांच्या बगलेंत अतिशय बारीक जाळें दिसूं लागतें. जाळें दिसलें, म्हणजे शत्रूची वस्ती झाली असें समजावें. कडक उन्हाळ्यांत अंड्यापासून पूर्ण वाढलेला कोळी होण्यास सुमारें आठवडा पुरतो, आणि एक मादी आपल्या अल्पशा आयुष्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालूं शकते. विशेष हें कीं, नराशीं संयोग झाला नाहीं तरी तिचीं अंडीं फुकट जात नाहींत. त्यांतून नर निपजतात. अशा रीतीनें एकटी मादीहि नवें राज्य स्थापूं शकते. एकटीच येऊन एवढें राज्य उभारणारा शत्रु इतिहासांत विरळा.

आतां आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळूं. वनस्पतींच्या रोगांचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. थंडी, वारा व ऊन ह्यांमुळें झाडाला रोग होतो, पानें पांढरीं पडतात, अंकुर वाढत नाहींत, फांद्या वाळतात, अशीं लक्षणें सांगून त्यानें रोगट भाग शस्त्रानें काढून टाकावा व त्या जागीं वावडिंग, तूप आणि चिखल ह्यांचा लेप द्यावा असा उपचार दिला आहे. मराठवाड्याच्या शेजारीं कल्याणी येथें राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जो 'मानसोल्लास' रचला, त्यांतहि उद्यानें व वृक्षांची निगा ह्यांस स्थान आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, ही नोंद ज्या ग्रंथांत असल्यामुळें तो मराठी वाचकांस परिचित झाला, तोच हा ग्रंथ. ह्या सर्वांत विस्तृत ग्रंथ म्हणजे सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद'. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होतें. डॉ. य. ल. नेने ह्यांनीं स्थापिलेल्या सिकंदराबादच्या एशियन ॲग्रि-हिस्टरी फौंडेशननें, नलिनी साधले ह्यांच्या भाषांतरासह, तें १९९६ मध्यें प्रसिद्ध केलें. सुरपाल झाडांच्याहि ठिकाणीं वात, पित्त व कफ मानतो, आणि किडीवर मोहरी, वेखंड, वावडिंग इत्यादिकांचे लेप व धुऱ्या सांगतो. परंतु त्याचा एक उपाय सर्वांत साधा आहे: मुळांवरील व फांद्यांवरील कीड शहाण्यानें सात दिवस थंड पाण्याच्या सिंचनानें काढून टाकावी.

ह्यावरून आमच्या पूर्वजांस लाल कोळी माहीत होता, असें म्हणण्याचा मोह एखाद्यास होईल. त्या मोहास बळी पडणें बरें नव्हे. सूक्ष्मदर्शकाच्या पूर्वीं ह्या जीवाचे आठ पाय मोजणें कोणासहि शक्य नव्हतें, आणि सुरपालाच्या 'कीट' ह्या शब्दांत अळीपासून मुंगीपर्यंत सर्व कांहीं येतें. पण म्हणून त्याचा उपाय टाकाऊ ठरत नाहीं. पाण्याच्या माऱ्यानें कोळी पानावरून निखळून पडतो, त्याचें जाळें तुटतें, धूळ धुऊन जाते. तथापि पानास चिकटलेलीं अंडीं पुष्कळदां तशींच राहतात. तीं फुटून नवी पिढी बाहेर येते व पुन्हां अंडीं घालण्याच्या वयास पोंचते, त्याला उन्हाळ्यांत सुमारें आठवडा लागतो. एक दिवस पाणी मारून जो थांबला तो हरला. जो सात दिवस थांबला नाहीं त्यानें एक पिढी मधल्यामध्यें कापून काढली. सुरपालानें सात हा आंकडा प्रचीतीनें घेतला कीं केवळ पवित्र म्हणून, हा वाद विद्वानांनीं घालावा. उपायाचा गुण सातत्यांत आहे, हें मात्र आजच्या ज्ञानानेंहि खरें ठरतें.

युरोपांत सूक्ष्मदर्शकाचा उपयोग वाढूं लागला तेव्हां अशा बारीक जीवांचीं चित्रें प्रथम लोकांपुढें आलीं. रॉबर्ट हूक ह्याच्या १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' ह्या ग्रंथांत कोळीवर्गीय सूक्ष्म जीवांचें वर्णन व चित्र आहे. १७५८ मध्यें लिनियसनें जाळें विणणाऱ्या कोळ्याला शास्त्रीय नांव दिलें, आणि १८३६ मध्यें कोख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें आज सर्व जगांत उपद्रव देणाऱ्या जातीचें 'टेट्रानिकस अर्टिसी' असें नामकरण केलें. त्याच सुमारास इंग्लंडांत श्रीमंतांच्या घरीं कांचगृहें उभीं राहूं लागलीं. उष्ण देशांतील झाडें थंड देशांत जगविण्यासाठीं नळांतून ऊन पाणी खेळवीत, आणि त्या कोरड्या उबेंत लाल कोळी आनंदानें नांदे. तेथील माळ्यांनीं दोन उपाय रूढ केले: पिचकारीनें पानांच्या खालच्या बाजूस पाणी मारणें, आणि तापलेल्या नळांना गंधकाचा लेप देणें. घरांत झाडें बाळगण्याचा शोक आणि घरांतील कोळी हे जुळे भाऊच होत.

हिंदुस्थानांत ह्या शत्रूचा सरकारदरबारीं गाजावाजा झाला तो चहामुळें. आसामच्या मळ्यांत लाल कोळ्याची नोंद १८६८ मध्यें झाली. चहाचें पानच विकायचें असल्यामुळें त्यावरील प्रत्येक डाग मळेवाल्याच्या खिशाला झोंबे. जॉर्ज वॅट व हॅरल्ड मॅन ह्या दोघांनीं १९०३ मध्यें चहाच्या किडी व रोग ह्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ह्या कोळ्याचा सविस्तर विचार आहे. गंधकाच्या भुकटीचा उपाय त्या काळांत मळ्यांतून स्थिर झाला. हे मॅनसाहेब मराठी वाचकांस अपरिचित नाहींत. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे ते प्राचार्य झाले, आणि पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या खेड्याची त्यांनीं केलेली पाहणी १९१७ मध्यें पुस्तकरूपानें निघून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांत मान्यता पावली. आसामांतील पानाखालचा कोळी पाहणारी आणि दख्खनच्या कुणब्याचें कर्ज मोजणारी दृष्टि एकच होती. लहान वस्तूकडे बारकाईनें पाहिल्यावांचून मोठ्या हानीचें कारण सांपडत नाहीं, हें तिचें सूत्र होय.

इतकें झालें तरी १९४५ पर्यंत लाल कोळी हा शेतकऱ्याचा दुय्यम दर्जाचा शत्रु होता. त्याला पहिल्या पंक्तींत आणून बसविण्याचें श्रेय, किंबहुना अपश्रेय, मनुष्याकडेच जातें. १९३९ मध्यें स्वित्झर्लंडांतील पॉल म्युलर ह्यांनीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला. १९४८ मध्यें त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. हिवताप व टायफस ज्वर पसरविणाऱ्या डांस-उवांवर ह्या द्रव्यानें मोठा विजय मिळविला, हें नाकारतां येणार नाहीं. पण बागांतून व शेतांतून तें जेव्हां सढळ हातानें फवारलें गेलें, तेव्हां एक विपरीत प्रकार घडला. कोळ्यावर त्याचा फारसा परिणाम होईना. मात्र कोळ्याला खाऊन जगणारे चिमुकले भुंगेरे व दुसऱ्या जातीचे शिकारी कोळी मरून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा न्याय! १९५६ मध्यें अमेरिकेंत पश्चिमेकडील जंगलांत एका अळीच्या नाशासाठीं सुमारें ८,८५,००० एकरांवर विमानांतून डी.डी.टी. फवारण्यांत आलें, आणि पुढच्या वर्षीं त्या जंगलाचे पट्टेच्या पट्टे लाल कोळ्यानें तपकिरी करून टाकले. रेचल कार्सन ह्यांनीं १९६२ च्या आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या ग्रंथांत ही हकीकत नोंदविली आहे.

त्यानंतर खास कोळ्यांसाठीं म्हणून एकामागून एक विषें निघालीं. आणि एकामागून एक तीं बोथट झालीं. ज्याची पिढी आठवड्याची, त्याला विषाशीं जुळवून घेण्यास मनुष्याच्या एका पिढींत हजाराहून अधिक संधि मिळतात. आज ह्या एका जातीनें जगांत कोठें ना कोठें नव्वदाहून अधिक विषारी द्रव्यांना दाद देण्याचें सोडलें आहे. २०११ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याच्या आनुवंशिक लिपीचें संपूर्ण वाचन केलें; तेव्हां विष पचविण्याची सामग्री त्याच्या ठायीं किती विपुल आहे, हें उघड झालें. शेंकडों प्रकारच्या वनस्पति खाऊन जगणाऱ्या जीवाला प्रत्येक वनस्पतीचें स्वतःचें विष पचवावें लागतें. मनुष्याचीं विषें ही त्यांत थोडीशी भर. 'डायकोफॉल' हें कोळ्यांवरील एकेकाळचें नामांकित औषध १९५० नंतरच्या दशकांत बाजारांत आलें, आणि २०१९ मध्यें स्टॉकहोम करारानें तें चिरस्थायी प्रदूषकांच्या यादींत घातलें. साठ वर्षांत कोळी उरला, औषध गेलें.

दुसरी वाट मित्राच्या शोधाची. १९५८ च्या सुमारास जर्मनींत चिली देशाहून आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर एक शिकारी कोळी अकल्पितपणें आला. तो लाल कोळ्याचीं अंडीं-पिलें खाऊनच जगतो, असें दिसून आल्यावर युरोपांतील कांचगृहांसाठीं त्याची पैदास होऊं लागली, आणि आज त्याचा मोठा व्यापार चालतो. आपल्याकडे असे मित्र मुळांतच आहेत. मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक काळा भुंगेरा लाल कोळ्याच्या वस्तींत आढळतो. तो व त्याची अळी दोन्ही कोळी खातात. त्याला कीड समजून मारणारे हात मात्र पुष्कळ.

आतां आपल्या अंगणांतील दोन झाडांकडे येऊं. पहिलें कडुनिंबाचें. धान्याच्या कणगींत निंबाचा पाला घालण्याची चाल घरोघरीं होती. १९५९ मध्यें सुदानांत टोळधाड आली असतां सर्व हिरवळ फस्त झाली, पण निंबाचीं झाडें उरलीं, हें श्मुटरर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें पाहिलें. १९६२ मध्यें दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंत प्रधान व त्यांचे सहकारी ह्यांनीं निंबोळीच्या गराचें पाणी फवारलेलीं पिकें टोळ खात नाहींत, हें प्रयोगानें दाखविलें; आणि १९६८ मध्यें इंग्लंडांत त्यांतील 'अझाडिरॅक्टिन' हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. पुढें निंबाच्या एका औषधावर एका अमेरिकन कंपनीला मिळालेलें युरोपीय पेटंट हिंदुस्थानांतील लोकांनीं आक्षेप घेतल्यावर २००० मध्यें रद्द झालें, व २००५ मध्यें तो निर्णय कायम झाला. जें घरांतील आजीला ठाऊक होतें तें कोणा एकाच्या मालकीचें होऊं शकत नाहीं, एवढा न्याय त्यांत झाला.

दुसरें झाड सीताफळाचें. आणि येथें आपण पुन्हां धारूरला पोंचतों. बालाघाटच्या मुरमाड उतारांवर, जेथें दुसरें झाड धरत नाहीं, तेथें सीताफळ आपोआप वाढतें. 'धारूर-६' ह्या नांवाचा निवडक वाण ह्या गांवाचें नांव घेऊन फिरतो, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. नांवांत सीता असली तरी हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें, असें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारहूतच्या शिल्पांत सीताफळ कोरलेलें आहे असें कनिंगहॅमसाहेबांचें मत होतें, आणि त्यावर विद्वानांत बराच वाद झाला. पण पोर्तुगीजांच्या काळानंतर तें आपल्याकडे पसरलें हेंच मत अधिक मान्य आहे. परदेशांतून आलेल्या झाडाला आपल्या लोकांनीं सीतेचें नांव दिलें, त्याच्या शेजारीं रामफळ बसविलें, आणि त्याच्या बीचा उपयोगहि शोधून काढला. वाळलेल्या बियांची पूड उवांवर व ढेंकणांवर गुणकारी आहे, हें खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक होतें.

ह्या घरगुती ज्ञानाची परीक्षा शास्त्रानें उशीरां घेतली. १९४७ मध्यें इंग्लंडांत हार्पर, पॉटर व गिलहॅम ह्यांनीं ह्या कुळांतील झाडांच्या कीटकनाशक गुणांवर निबंध लिहिला; १९८० नंतर त्या बियांतील 'ॲसिटोजेनिन' ह्या वर्गाचीं द्रव्यें ओळखलीं गेलीं. हीं द्रव्यें कीटकाच्या पेशींतील श्वसनाची पहिली पायरीच रोखून धरतात, आणि जीव शक्तीअभावीं मरतो. नवलाची गोष्ट अशी कीं, अलीकडे कारखान्यांत तयार झालेलीं कोळ्यांवरील कांहीं नामांकित औषधें बरोबर ह्याच पायरीवर घाव घालतात. ज्या बिया आपण फळ खाऊन थुंकून टाकतों, त्यांत हा उपाय आधींच होता!

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. झाडांतून आलें म्हणून विष निरुपद्रवी होत नाहीं. सीताफळाच्या बीची पूड डोळ्यांत गेल्यास बुब्बुळाच्या पडद्यास भयंकर इजा होते. उवांसाठीं ती केसांना लावतांना अशीं इजा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत. ज्या घरांत लहान मुलें आहेत, तेथें ही पूड वाटण्याचा वा उडविण्याचा खटाटोप करूं नये. ज्या तुळशीचें पान तीर्थांत पडतें, तिच्यावर ती शिंपडण्याचा तर विचारहि नको. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान धरणें आणि त्यांतील धोका झांकणें, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत.

मग गृहस्थानें करावें काय? उन्हाळा लागतांच आठवड्यांतून एकदां पानें उलटून पाहावीं. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी आणि कागदावर बारीक ठिपके चालूं लागले तर शत्रु आला असें समजावें. तें झाड इतर झाडांपासून दूर करावें, फार माखलेलीं पानें काढून टाकावीं, आणि कुंडीच्या तोंडाला फडकें बांधून, झाड कलतें धरून, पानांच्या खालच्या बाजूस पाण्याची जोराची धार मारावी. हें दर दोन-तीन दिवसांनीं, दोन-तीन आठवडे करावें. एवढ्यानें भागलें नाहीं तर पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवून, गाळून, त्यांत किंचित् साबण मिसळून सायंकाळीं फवारावें. तुळशीला मात्र पाण्याचाच मारा पुरे. गंधकाची भुकटी जुनी व खरी, पण कडक उन्हांत तिनें पानें करपतात. म्हणून मराठवाड्याच्या वैशाखांत ती न वापरणें बरें. आणि काळा भुंगेरा दिसला तर फवारणी थांबवून त्याला त्याचें काम करूं द्यावें.

ह्या उपायांत चमत्कार कोणताच नाहीं. पाणी, पुनरावृत्ति आणि पानाच्या मागें पाहण्याची संवय, एवढेंच त्यांचें भांडवल. विष एका फवाऱ्यांत निकाल लावल्याचें समाधान देतें, आणि त्या समाधानाची किंमत पुढल्या उन्हाळ्यांत वसूल होते. धारूरच्या किल्ल्याला तीन बाजूंस दऱ्या व चौथीस खंदक होता, तरी तो पडला. खिडकींतल्या कुंडीला तर ना दरी ना खंदक. तिचें रक्षण रोज पाणी घालणाऱ्या हातानेंच व्हावयाचें, आणि तो हात पाणी घालतां घालतां एखादें पान उलटून पाहील, तर त्याला दुसऱ्या शस्त्राची गरज क्वचितच पडेल.